तीन सुती पाना

'पान' आणि 'पाना' या दोन शब्दांचे अनेकवचन मराठीत एकसारखेच लिहिले जाते. ग्रंथाची ती पाने आणि नट फिरवण्याचे ते पाने. फरक पडतो तो केवळ सर्वनामाचा. गेली अठरा वर्षे मी या दुसऱ्या प्रकारचे पाने जमवीत आलो आहे. मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला की मंडळी सौजन्याने हसतात. नाण्यांचा, तिकिटांचा, फार तर अडकित्त्यांचा संग्रह त्यांना समजू शकतो. अडकित्त्याला घाट असतो, त्यावर मोर-पोपट असतात, त्याच्याभोवती सुपारीच्या आणि गप्पांच्या आठवणी असतात. पान्याजवळ यांतले काही नसते. तो वंगणाने काळा झालेला असतो आणि त्याची जागा जिन्याखाली असते. असे असूनही ग्रंथाच्या पानांप्रमाणे हे पानेही वाचता येतात, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी त्यांची लिपी मात्र मोडीप्रमाणे आधी शिकून घ्यावी लागते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या आश्रयाने स्थिरावलेली आपली घराणी जपणुकीच्या बाबतीत तशी दक्ष आहेत. कुणाकडे सनदा असतात, कुणाकडे मोडी कागदांचे रुमाल, कुणाकडे म्यानात गंजलेली तलवार. पाहुणा आला की या वस्तू बाहेर निघतात आणि पूर्वज कोणत्या महाराजांच्या बरोबर आले, हे सांगितले जाते. पण याच घराण्यांतली एक पिढी दप्तराच्या सावलीतून बाहेर पडून यंत्रापाशी उभी राहिली. तिच्या हातांनी घरे चालली, मुलांची शिक्षणे झाली. त्या पिढीच्या हत्यारांना मात्र आपल्या कपाटांत जागा मिळाली नाही.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत कारकून होते, आजोबा शिक्षक. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कलाभवनात नाव घातले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेली आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या द्रष्ट्या रसायनशास्त्रज्ञाने आकाराला आणलेली ही संस्था. दादासाहेब फाळके यांचेही काही शिक्षण तिथेच झाले. हाताने करायच्या विद्या देशी भाषेत शिकवल्या जाव्यात, हा तिच्यामागचा विचार होता, आणि त्यासाठी गज्जर यांनी 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही ग्रंथमालाही काढली. एवढ्या नामवंत संस्थेत मुलगा शिकतो, याचा आजोबांना अभिमान असे. "चिरंजीव कलाभवनात असतात," असे ते आवर्जून सांगत. तिथून बाहेर पडून चिरंजीव एका कारखान्यात फिटर झाले, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज थोडा खाली येई. पुढे अण्णा फोरमन झाले, तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास टाकला. फोरमन हा शब्द लग्नपत्रिकेत छापता येत होता.

अण्णा फार बोलत नसत. कारखान्याविषयी तर मुळीच नाही. ते गेल्यावर दांडिया बाजारातले जुने घर रिकामे करण्याची वेळ आली, तेव्हा जिन्याखालून त्यांची पत्र्याची पेटी निघाली. भंगारवाल्याने तराजूच्या आकड्याला पेटी अडकवली आणि किलोचा भाव सांगितला. पेटीत त्रेचाळीस पाने होते. त्यांतला एक मी सहज उचलला आणि धोतराच्या जुन्या फडक्याने पुसला. त्यावर अक्षरे होती. दुसरा पुसला, त्यावर निराळी होती. भंगारवाल्याला मी चहा पाजून परत पाठवले.

अशा रीतीने माझा संग्रह सुरू झाला. त्याची लिपी कशी वाचावी, ते थोडक्यात सांगतो.

पाना हाती आला की आधी त्याचा आवाज ऐकावा. दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या लोखंडाने हलकेच वाजवला, तर घडीव पोलादाचा पाना घंटेसारखा निनादतो. ओतीव लोखंडाचा बद्द वाजतो आणि त्याचा पृष्ठभाग रवाळ असतो. मग कड पाहावी. तापलेले पोलाद दोन साच्यांमध्ये ठेवून वरून घणाचा आघात केला म्हणजे जास्तीचा धातू दोन्ही साच्यांच्या फटीतून बाहेर येतो. तो पुढे कापून घासून टाकतात, तरी दांड्याच्या कडेने त्याची एक बारीक रेषा उरते. या रेषेवरून घडणीची पद्धत आणि घासकामावरून कारागिराची आस्था कळते.

त्यानंतर अक्षरे. साच्यातच कोरलेली अक्षरे पान्यावर उठावाची दिसतात, ती कारखान्याची. ठशाने ठोकलेली अक्षरे आत गेलेली असतात. ती कारखान्याची असू शकतात किंवा नंतरच्या मालकाची. ओळीत, सारख्या खोलीची असली तर सहसा कारखान्याची. वाकडीतिकडी, एखादे अक्षर दोनदा उमटलेले असेल तर ती एखाद्या कामगाराने आपली खूण म्हणून ठोकलेली. सामायिक कारखान्यात पाना हरवू नये म्हणून प्रत्येक जण हे करीत असे. माझ्या संग्रहातल्या निम्म्याअधिक पान्यांवर अशी अनोळखी आद्याक्षरे आहेत.

देशाचे नाव सापडले तर काळाचा अंदाज बांधता येतो. 'पश्चिम जर्मनी' असे असेल, तर तो पाना १९४९ ते १९९० या काळातला, कारण त्याआधी आणि त्यानंतर तो देश त्या नावाने नव्हता. ब्रिटिश लष्कराच्या मालावर वर टोक केलेला तीन रेघांचा बाण ठोकलेला असतो, बहुधा सालासह. माझ्याकडे १९४२ सालचा असा एक पाना आहे. बर्मिंगहॅमच्या 'किंग डिक' या नामांकित पान्यांचे चिन्ह बुलडॉग कुत्रा. 'गेडोर' हे नाव म्हणजे १९१९ साली जर्मनीतल्या रेमशाइड गावी धंदा सुरू करणाऱ्या डोविडाट बंधूंचे आडनाव आणि त्यांचे गाव यांची जुळवाजुळव. पुढे हे नाव भारतात घडलेल्या पान्यांवरही आले आणि आपल्याकडच्या किती तरी गराजांत ते अजून दिसते. सरकत्या जबड्याचा जो पाना आज घरोघरी असतो, त्याला आजचे रूप दिले स्वीडनमधल्या एन्शॉपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन यांनी, १८९०च्या दशकाच्या आरंभी. पाइप पकडणारा दातेरी पाना मात्र अमेरिकेचा. डॅनिअल स्टिलसन नावाच्या कारागिराने तो १८७०च्या सुमारास सिद्ध केला. दांड्यावर जितका जोर द्यावा, तितका त्याचा जबडा पाइपावर अधिक घट्ट बसतो.

साबरमतीकाठच्या रविवारच्या गुजरी बाजारात मला एक पाना मिळाला, त्यावर 'जी. बी. एस. आर.' अशी अक्षरे आहेत. गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे. डभोई ते मियागाम हा या रेल्वेचा मार्ग १८६२ साली सुरू झाला, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढीत. १९४९ साली ही रेल्वे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत विलीन झाली, तेव्हा तो पाना त्याआधीचा. आमच्या घरातल्या सनदेवर आणि या लोखंडावर एकाच सरकारचे नाव आहे. सनद मी काचेत ठेवली आहे. पाना तिच्या शेजारी ठेवला, तेव्हा धाकट्या भावाने भुवया उंचावल्या.

आता मापांकडे येतो, कारण पान्याचे खरे व्याकरण तिथे आहे. अण्णा मापे सुतात सांगत. आठ सूत म्हणजे एक इंच. अर्ध्या इंचाचा बोल्ट चार सुती, तीन अष्टमांशाचा तीन सुती. त्यांच्या पेटीतल्या तीन सुती पान्यावर ३/८ आणि त्यापुढे इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर आहे. पण त्याच्यासारख्याच दुसऱ्या पान्याचे तोंड मी पट्टीने मोजले, तर ते पाऊण इंचाला जरा कमी भरले. सुतात सांगायचे तर तीनच्या जवळजवळ दुप्पट. ही गफलत नव्हे. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. १८४१ पर्यंत इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. त्या साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा ठरवला आणि कोणत्या जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे असावेत, याचे कोष्टक मांडले. रेल्वेने ते उचलले आणि इंग्रजांच्या यंत्रांबरोबर ते आपल्याकडे आले. या पद्धतीत पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाचा नसतो, आतल्या बोल्टच्या जाडीचा असतो. पाना पकडतो नटाचे षट्कोनी अंग, पण नाव सांगतो ते नटाच्या आत दडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या दांड्याचे.

पुढे १९०८ साली बारीक आट्यांची ब्रिटिश पद्धत आली. तिच्यात त्याच जाडीच्या बोल्टचे डोके एका मापाने लहान. म्हणून कित्येक पान्यांवर एकाच तोंडासाठी दोन आकडे असतात. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टचीही डोकी तशीच लहान करण्यात आली आणि गोंधळात भर पडली. अमेरिकन पद्धतीत पान्यावर सरळ नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर लिहिलेले असते. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी साठ अंशांच्या सामायिक आट्यांवर एकमत केले. आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ साली नवे पैसे आले आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. गराजातला मुलगा आज "दहा-अकरा दे", "बारा-तेरा दे" म्हणतो, तो मिलिमीटर बोलत असतो.

अण्णांच्या पेटीत हे सारे एकावर एक साचलेले होते. तळाशी काळे, जड व्हिटवर्थ पाने. त्यावर दोन आकड्यांचे. वरच्या थरात भारतीय बनावटीचे, मिलिमीटरचे. त्यांच्यात एक रशियन अक्षरांचा, सतरा-एकोणीसचा. त्यावर चक्क किंमत ठोकलेली होती, कारण सोव्हिएत राज्यात वस्तूची किंमत सरकार ठरवी आणि ती वस्तूवरच कायमची उमटवता येई. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९६५ साली सुरू झाला. तिथे नोकरीला असलेल्या एका स्नेह्याने तो पाना अण्णांना दिल्याचे आईला आठवत होते. भूगर्भशास्त्रज्ञ जमिनीचे थर वाचतात, तशी मी ती पेटी वरून खाली वाचली.

स्वच्छ करण्याविषयी एक विनंती. जुना पाना तारेच्या फिरत्या ब्रशवर धरू नये. गंज जातो, पण अक्षरांच्या कडाही जातात आणि पाना मुका होतो. रात्रभर रॉकेलमध्ये किंवा तेलात भिजवावा, जाड कापडाने पुसावा, मग खडूची पूड चोळावी. अक्षरांच्या खोबणीत पांढरा रंग राहतो आणि पुसट शिलालेखाप्रमाणे मजकूर उमटतो. हाताने घासून झालेली झीज तर मुळीच काढू नये. अण्णांच्या काही पान्यांवर दांड्याच्या एकाच बाजूला अंगठ्याएवढा गुळगुळीत भाग आहे. उजव्या हाताने धरले की माझाही अंगठा तिथेच येतो.

आता त्या तीन सुती पान्याविषयी. त्याच्या एका टोकाचे तोंड मूळचे राहिलेले नाही. ते कानशीने घासून रुंद केले आहे. व्हिटवर्थचे ३/८चे तोंड साधारण अठरा मिलिमीटरचे असते. हे व्हर्नियरने मोजले, तेव्हा एकोणिसाला केसभर जास्त भरले. दोन्ही जबडे सारखेच घासलेले आहेत, प्रत्येकी अर्धा मिलिमीटर. कानशीच्या रेघा समांतर आहेत आणि धारा मोडून गुळगुळीत केल्या आहेत. दांड्यावर जुन्या आकड्याच्या शेजारी हाताच्या ठशाने ठोकलेला '१९' हा आकडा किंचित तिरपा आहे. जुना आकडा खोडलेला नाही.

याची हकिकत मला आईकडून कळली. १९६०च्या दशकाच्या आरंभी अण्णांच्या कारखान्यात परदेशातून एक नवे यंत्र आले होते आणि त्याचे सारे नट मिलिमीटरचे होते. एका पावसाळी रात्रपाळीत ते बंद पडले. नव्या मापाच्या पान्यांचा संच भांडारात कुलूपबंद होता आणि किल्ली घेऊन भांडारपाल घरी गेला होता. पूर्वीच्या पान्यांत एक सैल बसे, नट गोल करी. दुसरा मुळी आतच जाईना. रात्री अकराला यायचे ते अण्णा पहाटे आले. दोन्ही तळहातांना फोड होते. आईने काय झाले म्हणून विचारले, तर एवढेच म्हणाले, "पाना बसत नव्हता. बसवला."

पान्याचे पोलाद किती चिवट असते आणि त्यावर कानस कशी घसरते, हे ज्याने करून पाहिले आहे त्याला त्या रात्रीचा हिशेब कळेल. एक मिलिमीटर ही काही मोठी लांबी नाही. पण यंत्र थांबलेले असताना, शिकाऊ मुले भोवती उभी असताना, दोन्ही जबड्यांतून ती सारखी वाटून काढायची आणि मध्ये मध्ये माप घेत राहायचे, याला हाताइतकीच स्वस्थता लागते. आजोबांच्या अक्षराचे आमच्या घरात फार कौतुक. त्यांची वळणदार वही मी जपून ठेवली आहे. हे घासकाम मला त्या वळणाच्या बरोबरीचे वाटते. आमच्या घराण्यातले ते एक सुंदर हस्ताक्षर आहे आणि ते चाळीस वर्षे जिन्याखाली होते.

अण्णांच्या हयातीत मी त्यांच्याशी इतिहासावर बोललो, नाटकांवर बोललो, राजकारणावर वाद घातले. त्यांच्या कामाविषयी घरात बोलण्याची रीतच नव्हती. आपल्यातल्या पुष्कळ घरांत ती नसावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, ही गोष्ट आपण आज अभिमानाने सांगतो, कारण पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्यांच्या हातून वाडी उभी राहिली नाही, केवळ बंद पडलेले यंत्र पहाटेपर्यंत सुरू झाले, त्यांच्याविषयी बोलायला आपल्याकडे शब्द थोडे आहेत.

दोन वर्षांपूर्वी हत्यारांचे एक जाणकार संग्राहक घरी येऊन गेले. त्यांची नजर पक्की होती. बाणाच्या चिन्हाचा पाना त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, बुलडॉगचा पाहून खूश झाले, रेल्वेच्या पान्यासाठी तर त्यांनी मला संकोच वाटावा एवढी रक्कम देऊ केली. तीन सुती पाना पाहून मात्र त्यांनी जीभ चावली. "छान होता हो. कुणी तरी खराब केला." संग्राहकांच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होते. मूळ माप गेले की पान्याची किंमत जाते. मी त्यांना हकिकत सांगितली. त्यांनी पाना पुन्हा हाती घेतला, खिशातले भिंग लावून कानशीच्या रेघा बराच वेळ पाहिल्या आणि तो जरा जपून खाली ठेवला. किमतीचा विषय त्यानंतर आमच्यात निघाला नाही.

संग्रह आता दोनशेच्या पुढे गेला आहे आणि मी एक नोंदवही ठेवली आहे. प्रत्येक पान्याला एक पान. त्यात अनुक्रमांक, घडण, अक्षरे, तोंडाचे माप इंचांत आणि मिलिमीटरमध्ये, कुठून मिळाला, पूर्वीच्या मालकाची खूण, आणि शेवटी एक रकाना: 'सध्या कशाला बसतो'. बहुतेक पानांवर हा रकाना कोरा आहे. ज्यांच्यासाठी हे पाने घडले, ती यंत्रे वितळून गेली. नोंदवही मराठीत आहे आणि शब्द शक्यतो अण्णांचेच वापरले आहेत: आटे, सूत, कानस, गोटी पाना. हे शब्द शब्दकोशात आहेतच. पण ते आपल्या घरात कुणाच्या तोंडी होते, हेही कुठे तरी लिहिलेले असावे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी पेटी असेल, तर ती तराजूला लावण्याआधी एक दुपार तिच्यासाठी काढावी. फडके, थोडे तेल आणि खडू एवढे साहित्य पुरते. घरातले सर्वांत वयस्क माणूस जवळ बसवून घ्यावे. पाने पुसता पुसता ते काय बोलते, ते लिहून घ्यावे. पेटी मग दिली तरी चालेल.

आमचा तीन सुती पाना कपाटात नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाचे पायाचे बोल्ट बारा मिलिमीटर जाडीचे आहेत आणि त्यांचे नट एकोणीसचे. पंप थरथरून ते सैल होतात आणि दोन-तीन महिन्यांनी आवळावे लागतात. हे काम आता नात करते. नोंदवहीतला त्या पानावरचा शेवटचा रकाना तिनेच भरला आहे: 'गच्चीचा पंप'.